धारण तलावांच्या झडपा आठ महिने उघड्या ठेवाव्यात का?

खाडीकाठ_वाशी : पाऊस संपला की मे अखेरपर्यंत नवी मुंबईतल्या धारण तलावांच्या झडपा भरतीला उघड्या ठेवायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीहून सखल आहे, म्हणून सिडकोने हे तलाव केले. भरतीला झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. पावसाळ्यात हे हवंच. पण नंतर बंद झडपेआड जमतं ते नाल्याचं सांडपाणी. खारेपणा जातो, पाणकणीस माजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. मग कोळंबी, बोय, निवटी यांनी जगायचं कुठे? नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी अडल्यावर २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले, ते सगळ्यांनी पाहिलंय. शेजारचं ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि आपण त्याच खाडीच्या फाट्यांना बुचं मारून बसलोय.

तळमजला_सेक्टर१७ : अजिबात पटलं नाही. भरतीच्या प्रत्येक पाण्याबरोबर गाळ येतो. गाळावर तिवर (खारफुटी) रुजते आणि एकदा रुजली की हात लावता येत नाही, कारण २०१८ चा उच्च न्यायालयाचा आदेश आहे. तलाव भरत गेला तर जुलैत उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आल्यावर पाणी आमच्या घरात शिरणार. मासळीसाठी आम्ही दरवर्षी फ्रिज आणि गाद्या बाहेर काढायच्या का?

खाडीकाठ_वाशी : तिवरीचं बी पावसाळ्यात गळतं, तेव्हा झडपा तुम्हाला हव्या तशा भरतीला बंदच असतील. गाळाची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. म्हणून मोठ्या उधाणाचे दिवस वगळा, भांगाच्या लहान भरत्या आत घ्या.

दिवाळे_कोळी : दादा, तुमचं मन चांगलं आहे, पण हिशेब अर्धाच आहे. जिताड्याची पिल्लं येतात कधी? पावसाळ्याच्या सुरुवातीला! मादी खाऱ्या पाण्यात अंडी घालते आणि पिल्लं वाढायला निमखाऱ्या फाट्यांत, खाजणांत शिरतात. नेमकं तेव्हाच तुम्ही दार लावणार. मग आठ महिने उघडं ठेवून जिताडा कुठून मिळेल? पूर्वी ज्या फाट्यात पाग टाकला की चिंबोरी आणि मासळी हमखास यायची, तिथे आज काळं पाणी आहे.

जुना_खारकरी : खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं पाणी भातशेतीत येऊ न देणाऱ्या बांधाच्या, उघाडीवर (पाण्याच्या दारावर) माझे आजोबा बसायचे, म्हणून लिहितो. पहिल्या पावसाने खारीतलं मीठ धुवून निघालं की मगच मोड आलेलं बी फेकायचे. तोवर खाडीचा एक थेंबही आत नको. एकदा फळी चुकली तर वर्षाचा भात गेला. पण भात निघाल्यावर तीच उघाडी मासळीसाठी उघडायचे. दार एकच, पण ते चालवणारा माणूस रोज तिथे असायचा. आज झडपेजवळ असा माणूस कुठे आहे?

तळमजला_सेक्टर१७ : माझी भीती हीच आहे. गंजलेली झडप अर्धवट उघडी राहिली तर जबाबदार कोण? आधी झडपा आणि पंप दुरुस्त करा, मग खारेपणाचं बोला.

नाला_आणि_नकाशा : अमेरिकेत लुईझियानाच्या दलदलीत हाच वाद जुना आहे. खारेपणा अडवायला बांध घातले आणि कोळंबी-मासळीची ये-जा अडली. तिथे काही बांधांना तळापर्यंत उभी फट ठेवून पाहिली, त्यातून मासळी आत जाते आणि पाण्याचा मोठा लोंढा मात्र येत नाही. आपल्या झडपेत तशी छोटी, बंद करता येणारी खिडकी ठेवली तर जुलैतही पिल्लांना वाट राहील आणि इशारा आला की ती बंद करता येईल. सांडपाणी आधी शुद्ध झालं नाही तर मात्र काहीही उघडून उपयोग नाही.

दिवाळे_कोळी : खिडकी चालेल. पण ती कधी बंद करायची हे ठरवताना गावातला एक माणूस तिथे हवा. भरती आम्हाला कागदावर बघावी लागत नाही.

तळमजला_सेक्टर१७ : एका तलावावर एक पावसाळा करून बघा, पण पाण्याची पातळी रोज फलकावर लिहा. पातळी वाढली की खिडकी बंद, त्यात वाटाघाट नाही. तोवर माझा विरोध कायम.