मदत हवी आहे: समुद्रातल्या तपासणीचं काम – दोरावर लटकून की पडद्यासमोर बसून?

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं मी एनडीटी करतोय, म्हणजे धातू न कापता, न तोडता त्याच्या पोटात काय चाललंय ते शोधायचं काम. अल्ट्रासॉनिक (धातूत आवाजाच्या लहरी सोडून) आणि मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोखंडी कण वापरून), दोन्ही तपासण्यांत लेव्हल २ आहे. पण आजवरचं सगळं काम जमिनीवरचं: टाक्या, पाइपलाइनी, प्रेशर व्हेसल. आता समुद्रातल्या कामाच्या दोन ऑफर एकदम आल्यात आणि पंधरा दिवसांत काय ते कळवायचंय.

पहिली रोप ॲक्सेसची. समुद्रातल्या पवनचक्क्यांचे टॉवर आणि पाती, दोरावर लटकून तपासायची. त्यासाठी आधी इराटा (रोप ॲक्सेसवाल्यांची संस्था) लेव्हल १ आणि जीडब्ल्यूओचे (पवनऊर्जा कंपन्यांची संस्था) सुरक्षेचे कोर्स करावे लागतील. दुसरी ऑफर किनाऱ्यावरच्या ऑफिसातली. आरओव्ही, म्हणजे जहाजावरून चालवतात तो पाणबुडा रोबो, तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पायांचे आणि पाइपांचे पाण्याखालचे व्हिडिओ घेतो. ते पाहायचे, खराबी दिसली की नोंद करायची, शेवटी रिपोर्टवर सही करायची. पगारात फारसा फरक नाही. घरच्यांना अर्थातच दुसरी हवीय.

हे क्षेत्र वाढतंय याबद्दल मला शंका नाही. डेन्मार्कमधल्या विंडेबीला १९९१ मध्ये समुद्रातली पहिली पवनचक्क्यांची रांग उभी राहिली, तेव्हा ११ टरबाइनं होती, प्रत्येकी ४५० किलोवॉटची. आता एकेक टरबाइन १५ मेगावॉटचं बसवतायत. शिवाय तेलाचे कितीतरी प्लॅटफॉर्म २०-२५ वर्षांच्या हिशेबाने बांधलेले, ती मुदत उलटून गेली तरी उभे आहेत, आणि जेवढे जुने तेवढी तपासणी जास्त. कामाचा तुटवडा पडणार नाही. माझी अडचण दुसरीच आहे, आणि ती नीट सांगायची तर एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

पाच वर्षांपूर्वी एका कारखान्यात पाइपच्या एल्बोची, म्हणजे वळणाच्या तुकड्याची, जाडी मोजत होतो. जेल लावलं, प्रोब टेकवला, आकडा आला ६.४ मिलिमीटर. मागच्या वर्षीच्या तक्त्यात ६.५ होता. जुळतंय म्हणून लिहून मोकळा झालो. तीन आठवड्यांनी एका सहकाऱ्याने त्याच जागेचा रंग खरवडून मोजलं तर ३.९! वर्षानुवर्षं रंगावर रंग चढून मिलिमीटरभर थर झाला होता. आमच्या साध्या गेजला रंग आणि लोखंड यातला फरक कळत नाही. रंगातून आवाज सावकाश जातो, म्हणून एक मिलिमीटर रंग अडीच मिलिमीटर लोखंडाएवढा मोजला जातो. हे मला शिकवलेलं होतं. लाइन वेळेवर बंद केली, कुणाला काही झालं नाही, पण त्या कागदावर सही माझी होती. त्या दिवसापासून बोटांनी चाचपून पाहिल्याशिवाय मी प्रोब टेकवत नाही.

आता पडद्यावर चाचपणार कसं? व्हिडिओत जे दिसतं ते गढूळ पाणी, शेवाळ, शिंपले, आणि त्याखाली कुठेतरी वेल्ड.

अलेक्झांडर एल. कीलांडबद्दल तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. उत्तर समुद्राच्या नॉर्वेकडच्या भागात कामगारांच्या राहण्यासाठी वापरलेला तरंगता रिग. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी त्याचा एक पाय तुटला, रिग उलटला, २१२ पैकी १२३ माणसं गेली. चौकशीत कळलं की सुरुवात एका आडव्या नळीवरच्या जेमतेम ६ मिलिमीटरच्या वेल्डपासून झाली होती. हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र) बसवायच्या तुकड्याचा वेल्ड, ज्याच्यावर कसलाच भार नव्हता. आणि त्या भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे रिग समुद्रात जायच्या आधी, रंग मारतानाच भेग तिथे होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा तो एल्बो डोळ्यांसमोर आला.

म्हणून जाणकारांना विचारतो: पडद्यावर बघून "दोष आढळला नाही" असं लिहिताना तुम्ही कशाच्या भरवशावर लिहिता? आणि माझ्यासारख्या हात लावून काम करणाऱ्या माणसाने दोर धरावा का?

प्रतिसाद १

दोरावर सहा वर्षं काढली, म्हणून पहिल्या ऑफरबद्दल सांगतो. इराटा लेव्हल १ चं ट्रेनिंग चार दिवसांचं, पाचव्या दिवशी परीक्षा. लेव्हल २ ला जायचं तर किमान एक वर्ष आणि लॉगबुकात १००० तास लागतात. तास भरायला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ जातो, कारण समुद्र रोज काम करू देत नाही. माणसं नेणाऱ्या लहान बोटी साधारण दीड मीटरच्या लाटेपर्यंतच टरबाइनला लागतात. त्यापुढे बंदरात बसून हवामानाचा अंदाज बघत राहायचं.

पण तुमच्या ऑफरमध्ये एक गोष्ट खटकते. पात्यांचे फोटो आता बहुतेक ड्रोन काढतो. दोरावरचा माणूस जातो तो मुख्यतः दुरुस्तीला. पात्याचं टोक सेकंदाला ८०-९० मीटर वेगाने फिरतं, तिथे पावसाचा थेंबही पुढची कड खरवडून काढतो. ती कड घासायची, भरायची, वर लेप द्यायचा. हे कौशल्याचं काम आहे, पण त्यात तुमच्या अल्ट्रासॉनिकचा उपयोग किती होईल? हाताचं म्हणाल तर आहे: पात्यावर हलकेच ठोकत जायचं, खणखणीत आवाज बद्द झाला की आतले थर सुटलेत असं समजायचं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तरी तुमची एनडीटीची लेव्हल २ वाया जाऊ नये असं वाटत असेल, तर तेलाच्या प्लॅटफॉर्मवर पाण्याच्या वरच्या भागातल्या पाइपांसाठी रोप ॲक्सेसवाले एनडीटीची माणसं शोधत असतात. तिकडे विचारा.

प्रतिसाद २

मी आरओव्हीच्या जहाजावर इन्स्पेक्शनला होते, आता किनाऱ्यावर रिव्ह्यू करते. तुमची भीती बरोबर आहे, फक्त ती चुकीच्या जागी आहे.

साध्या व्हिडिओ पाहणीतून भेग शोधायची अपेक्षाच नसते. या पाहणीला आम्ही जीव्हीआय (जनरल व्हिज्युअल इन्स्पेक्शन) म्हणतो. त्यात काय दिसतं? वाकलेली नळी, तुटलेला क्लॅम्प, अडकलेलं जाळं, तळाची वाळू वाहून जाऊन उघडा पडलेला पाया, ॲनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा ठोकळा) किती झिजलाय. त्याशिवाय प्रोब टेकवून पोटेन्शियल, म्हणजे पोलादाचा विद्युत दाब, मोजतात; गंजापासून संरक्षण होतंय का ते त्यावरून कळतं. सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडशी तुलना करता पोलादाचं पोटेन्शियल उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे हवं. उणे ७५० दिसलं तर तिथलं गंजसंरक्षण कमी पडतंय.

भेगेसाठी वेगळं काम निघतं. निवडलेला वेल्ड पाण्याच्या झोताने चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करायचा, मग एसीएफएम (विद्युतप्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रावरून भेग शोधायची पद्धत) किंवा मॅग्नेटिक पार्टिकल. पोकळ नळ्यांत पाणी शिरलंय का तेही तपासतात, कारण आत पाणी सापडलं तर बहुधा भेग आरपार गेलेली असते.

म्हणून "दोष आढळला नाही" हे वाक्य मी सुटं कधीच लिहीत नाही. कुठल्या पातळीची पाहणी, पाण्यात किती अंतरापर्यंत दिसत होतं, किती भाग शिंपल्यांनी झाकलेला होता, कोणती बाजू कॅमेऱ्यात आलीच नाही, हे सगळं आधी. वेल्डवर तीन इंच शिंपले असतील तर "वेल्ड दिसला नाही" असंच लिहायचं. तुमच्या एल्बोच्या कागदावर "रंगावरून मोजलं" एवढे दोन शब्द असते, तर पुढच्या माणसाने तो आकडा तसाच धरला नसता. सहकाऱ्याने रंग खरवडला म्हणून वाचलात.

ऑफर घेण्याआधी एक विचारून घ्या: शंका आली तर वेल्ड परत साफ करून दाखवा असं सांगायचा अधिकार तुम्हाला आहे का, आणि तेव्हा जहाज त्या जागेवर असेल का?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुमचा प्रश्न काल फोन करून जसाच्या तसा विचारला. उत्तर असं मिळालं: काही कामं थेट प्रक्षेपणावर बघतात, तेव्हा जहाज तिथेच असतं आणि पुन्हा दाखवा म्हणता येतं. पण बराचसा व्हिडिओ जहाज परतल्यावर हातात येतो. तेव्हा फक्त पुढच्या मोहिमेसाठी शिफारस करता येते.

म्हणून मी त्यांना एक विनंती केलीय. ऑफिसात बसवायच्या आधी एक पूर्ण मोहीम मला जहाजावर पाठवा. वेल्ड साफ होताना बघायचाय, झोत मारण्याआधी काय दिसतं आणि नंतर काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी. विचार करून सांगतो म्हणाले. पवनचक्कीच्या ऑफरला नाही कळवतोय, आणि प्रतिसाद १ मध्ये सुचवल्याप्रमाणे प्लॅटफॉर्मच्या रोप ॲक्सेसकडेही अर्ज टाकतोय.

तोवर एक मागणं आहे. सफाईच्या आधी साधा वाटलेला आणि नंतर भेग निघालेला एखादा वेल्ड तुमच्या आठवणीत असेल, तर कंपनीचं किंवा जागेचं नाव न घेता इथे लिहाल का? आधी नेमकं काय दिसत होतं, तेवढंच हवंय.