घरी पील करायचंय, ३० टक्केवालं घेऊ का? (भुसावळ, ऊन ४३)

केळीबाग :
वय ३४, रंग सावळा. हनुवटीवर मुरुमांचे काळे डाग राहिलेत. रात्री अ‍ॅडापॅलीन (मुरुमांचं औषध) लावते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय, तीन आठवडे उरलेत. ते लाल रंगाचं ३० टक्के एएचए, २ टक्के बीएचएवालं (दोन्ही त्वचेचा वरचा थर सोलणारी आम्लं) पील कार्टमध्ये टाकलंय. ऑर्डर करू?

धुळ्याची_लेक :
आधी कार्टमधून काढ! मागच्या एप्रिलमध्ये मी तेच केलं. दहा मिनिटं लिहिलेली, मी फोनवर बोलत बसले आणि पंधरा झाली. वर दुसऱ्या दिवशी गच्चीवर बिबडे घालायला गेले, सनस्क्रीन न लावता. गालाच्या हाडांवर दोन तपकिरी चट्टे उठले, ते दिवाळीपर्यंत राहिले. चूक माझीच, पण तू करू नकोस.

औषधवाला_जळगाव :
ताई, आपल्या सावळ्या कातडीला भाजलं की ती जास्त मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) बनवते. म्हणजे डाग घालवायला गेलं आणि नवाच पडला, असं होतं. एएचएमध्ये ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात छोटा, म्हणून झटकन आत शिरतो आणि चुरचुरतो. मॅन्डेलिकचा मोठा, सावकाश जातो. तुमच्यासाठी तेच बरं. त्वचा कोरडी असेल तर लॅक्टिक ५ टक्के. तेलकट असून ब्लॅकहेड्स असतील तर सॅलिसिलिक (हेच बीएचए) २ टक्के, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रात उतरतं.

नुसते टक्के बघू नका, पीएचही बघा; तो जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. घरी ग्लायकोलिक १० टक्क्यांच्या वर नको आणि पीएच ३.५ च्या खाली नको. टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) तर घरी अजिबातच नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही (अन्न व औषध प्रशासन) जास्त तीव्रतेचे पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नका असं बजावलंय.

अ‍ॅडापॅलीन आठवडाभर आधी बंद. कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

आजीचा_बटवा :
एवढं कशाला? दही-बेसन आणि वरून लिंबू पिळायचं.

औषधवाला_जळगाव :
दही-बेसन खुशाल लावा. लिंबू नको. त्याचा पीएच २ च्या आसपास असतो, आणि तो रस अंगावर असताना ऊन लागलं तर फोडही येतात.

केळीबाग :
काढलं कार्टमधून. मॅन्डेलिक १० टक्के घेते. पण आखाजीच्या आत जमेल का?

धुळ्याची_लेक :
बहीन, उन्हायामा हाई खेय करू नको. जा तशीच माहेरी, झोक्यावर बसलीस की हनुवटी कोण बघतंय? पावसाळा लागला की सुरू कर, आठवड्यातून एकदाच, रात्री.

केळीबाग :
मग तोवर अ‍ॅडापॅलीन चालू ठेवू ना?

औषधवाला_जळगाव :
ठेवा. आणि सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, दोन बोटं भरून, दर दोन-तीन तासांनी. स्कूटीवर स्कार्फ बांधला तरीही.

केळीबाग :
दोन बोटं?? मी वाटाण्याएवढं लावत होते.