किमान वेतन: कष्टकऱ्याची ढाल की वाटेतला धोंडा?

पर्वती_पायथा
रविवारी नात्यातल्या साखरपुड्यात वाद झाला. एक जण म्हणाले, किमान वेतनाचा कायदाच काढून टाकावा. कमी पैशात काम करायला कुणी राजी असेल तर सरकारने मध्ये का पडायचं? देणारा मोकळा, घेणारा मोकळा.

माझे आजोबा मुळशीकडच्या गावात येसकर. गावाची राखण, सांगावे पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, आणि त्याबदल्यात दारोदार मागून आणलेली भाकरी. त्यांना कुणी दावणीला बांधलं नव्हतं. पण नाही म्हटलं की घरात दाणा यायचा नाही. हे पिढीजात गावकाम म्हणजेच महार वतन. ते रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा ते चाळिशीत होते.

आई पुण्यात झाडूकाम करते, ठेकेदाराकडे. पगार बँकेत पुरा जमा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम एटीएमच्या बाहेर उभा असतो. तीन हजार मोजून घेतो, पाचशेच्या सहा नोटा, आणि वहीत आईच्या नावापुढे टिंब मारतो. दिले नाहीत तर पुढच्या महिन्यात हजेरीवर नाव नाही. ती "राजी" आहे ती अशी.

भोसरीवाला
ताई, आईंचं वाचून फार वाईट वाटलं. पण तो मुकादम कायदा असतानाच पैसे खातोय ना?

मी वडार समाजातला. वडिलांनी जन्मभर खाणीवर दगड फोडले. सोळाव्या वर्षी मी एका शेठकडे हेल्पर म्हणून लागलो. चहा, वडापाव आणि शनिवारी थोडे पैसे. मायक्रोमीटर कसा धरतात तेही माहीत नव्हतं. पुऱ्या दराने त्यांनी मला दारातही उभं केलं नसतं. त्यांनी जात विचारली होती का, आठवत नाही. हात चालतो का ते मात्र रोज बघायचे. आज माझं आठ माणसांचं वर्कशॉप आहे. वडिलांच्या घणापासून मला सोडवलं ते त्या कमी पगाराने.

दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ साली आपल्या पुण्यातच उभी राहिली. आपल्या माणसांनी नोकऱ्या देणारं व्हावं, हाच विचार. आणि दर ठरवून देण्यामागे नेहमी गरिबाचाच कळवळा असतो असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या कामगारांच्या संघटनांनी एकसारख्या दराचा आग्रह धरला, तो काळ्या मजुराला कुणी कामावर घेऊ नये म्हणून.

नारायण_पेठ
दादा, तुमच्यासारख्या शिकाऊ पोरासाठी वाट होती. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात शिकाऊंचा दर वेगळा ठरवता येत होता, १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा स्वतंत्र कायदा आहे. ताईंच्या आई शिकाऊ नाहीत.

किमान वेतनाच्या कायद्याचं विधेयक मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडलं होतं. वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणणारेही तेच. मला ही दोन्ही एकच लढाई वाटते. आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली स्पष्ट सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेलं काम ही वेठबिगारीच, घटनेच्या कलम २३ चा भंग. पोटाच्या मारापुढे दिलेला होकार न्यायालयाने होकार मानला नाही.

येरवडा_८८
माझं थोडं वेगळं आहे. वडील सफाई खात्यात कायम होते. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाहक्काने मी लागलो. एम.कॉम. आहे. पगार चांगला, घराचे हप्ते वेळेवर जातात. पण पहाटे साडेपाचला हातात वडिलांचाच झाडू असतो. आजीही हेच करायची. पैशाने घर सुधारलं, काम तेच राहिलं. भोसरीवाले दादा "सुटलो" म्हणतात तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो, खरं सांगतो. तरी किमान वेतन काढा असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्याच रस्त्यावर पलीकडच्या बाजूला ठेक्यावरच्या बायका झाडतात, त्यांना वारसाहक्कही नाही.

भोसरीवाला
शिकाऊंचं मान्य. पण आठ माणसांच्या वर्कशॉपला ते कागद करणं जमत नाही, हेही समजून घ्या. दोन महिने ऑर्डर नसते तेव्हा मी स्वतःचा पगार घेत नाही, पोरांचा देतो. वरून दर वाढला की नववा माणूस घेताना हात आखडतो. तो नववा कुठल्या वस्तीतला असतो, तुम्हालाही माहीत आहे. ठेक्याचं काम वेगळं, तिथे गिऱ्हाईक एकच आणि झाडणारे हजार. तिथे दर हवाच.

पर्वती_पायथा
दादा, नवव्या माणसाचं मी नाकारत नाही. त्याच्यासाठी कागद सोपे करा म्हणून भांडू, मी येते तुमच्याबरोबर. पण दर खाली आणून नको.

काल आईशी बोलले. कामगार आयुक्तालयात एकटीने अर्ज द्यायला ती तयार नाही. पाच जणींनी मिळून दिला तर सही करते म्हणाली. चौघी झाल्या आहेत, सगळ्यांची पासबुकं माझ्याकडे आली. पाचवी सोमवारी सांगणार आहे.