गरिबीविषयी प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, की आधी नियम बदलावेत?

शाळासोबती : शिक्षक, आरोग्यसेवक आणि मदत कार्यालयांतील कर्मचारी यांना गरिबीत जगणाऱ्यांच्या अडचणी समजून घेण्याचे प्रशिक्षण सक्तीचे असावे, असे माझे मत आहे. पालकसभेला न आलेली आई किंवा मध्येच सोडलेले उपचार दिसले की आपण बेफिकिरीचा शिक्का मारून मोकळे होतो. त्या दिवशी येण्यासाठी मजुरी बुडवावी लागली असती का, हे विचारण्याची सवय आपल्याला कोणी लावलेलीच नसते. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरील, २०१३ साली ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी तोडणीनंतरच्या तुलनेत तोडणीपूर्वीच्या चणचणीत खालावलेली आढळली. अर्ज चुकीचा भरणाऱ्याला निष्काळजी ठरवण्यापूर्वी हे ठाऊक असायला हवे.

आडवाट : मला ही कल्पना धोक्याची वाटते. ऑस्कर लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या ‘दारिद्र्याच्या संस्कृती’चा, म्हणजे गरिबीत घडलेल्या सवयी आणि वृत्ती पिढ्यानपिढ्या पुढे जातात या कल्पनेचा, उपयोग पुढे गरिबांच्या सवयींनाच दोष देण्यासाठी झाला, आणि एका दिवसाच्या कार्यशाळेतून कर्मचारी बहुधा तेच घेऊन बाहेर पडतात : ‘ही माणसे अशीच असतात.’ शिवाय तुमच्याच उदाहरणातून उलटा निष्कर्ष निघतो. त्या शेतकऱ्यांशी कोणी अधिक सहानुभूतीने वागले नव्हते. त्यांच्या हातात पैसा आला होता. कार्यालय फक्त कामाच्या वेळेत उघडे, तीच कागदपत्रे दर वेळी नव्याने, एक तारीख चुकली की अर्ज बाद, आणि शाळेत सवलतीचे जेवण घेणाऱ्या मुलांची सर्वांदेखत वेगळी रांग, हे सारे खिडकीमागच्या व्यक्तीच्या गोड बोलण्याने बदलणार आहे काय?

शाळासोबती : वेगळी रांग कोणत्याही कायद्याने लावलेली नसते, ती शाळेतल्याच कोणाला तरी सोयीची वाटलेली असते. मुदतवाढ देण्याचा अधिकारही अनेकदा कर्मचाऱ्याकडेच असतो, आणि तो नीटनेटके बोलणाऱ्या अर्जदारासाठी जितक्या सहज वापरला जातो तितक्या सहज गोंधळलेल्या अर्जदारासाठी वापरला जात नाही. नियम बदलेपर्यंत त्याने काय करावे?

तिसरी बाजू : प्रशिक्षण देणार कोण, हे दोघांनीही सांगितलेले नाही. जोसेफ व्रेझिन्स्की यांनी १९५७ मध्ये फ्रान्समधील बेघर कुटुंबांसोबत उभ्या केलेल्या, आज ‘एटीडी फोर्थ वर्ल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीत गरिबी भोगलेली माणसेच व्यावसायिकांच्या प्रशिक्षणात सहप्रशिक्षक असतात. तेथे गरीब माणूस हा अभ्यासाचा विषय राहत नाही.

आडवाट : तत्त्वतः मान्य, पण बहुतेक ठिकाणी अशा व्यक्तीला बोलावून तिची करुण कहाणी ऐकली जाते, टाळ्या वाजतात आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच. तिला रीतसर मानधन द्यावे, अर्जाचा नमुना तिच्यापुढे ठेवावा आणि कोणते रकाने खोडायचे हे तिला ठरवू द्यावे. एवढी तयारी नसेल, तर प्रशिक्षणाला माझा विरोध कायम आहे.