हिपॅटायटिस बी: व्हायरल लोड सापडत नाही, मग गोळी बंद का नाही?

मिरजकर:
धाकट्या भावाला हिपॅटायटिस बी आहे, टेनोफोविरची रोजची गोळी चालू आहे. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) 'नॉट डिटेक्टेड', एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल, पण एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणातलं प्रथिन, म्हणजे सरफेस अँटिजेन) पॉझिटिव्हच. हा म्हणतो, प्रतिकारशक्ती सुधारली, आता रोजची कटकट कशाला? काय सांगू त्याला?

लॅबवाली:
दादा, ही गोळी प्रतिकारशक्ती वाढवायची नाहीच. ती विषाणूचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे त्याच्या प्रती काढणारं एन्झाइम, अडवते, म्हणून रक्तात नवे विषाणू येत नाहीत. पण यकृतपेशीच्या केंद्रकात त्याचा गोल डीएनए ठाण मांडून बसलेला असतो, त्याला ती हात लावत नाही. तिथून सरफेस अँटिजेन निघतच राहतं, तेच रिपोर्टात पॉझिटिव्ह दिसतंय.

आता टी-पेशींचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींचं. वर्षानुवर्षं तेच अँटिजेन समोर असल्यावर त्या थकतात, त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक लागतो. लोड उतरला की थोडी तरतरी येते, पण पूर्ण नाही. त्यात गोळी मनाने सोडली की लोड उसळतो आणि याच पेशी बाधित यकृतपेशींवर तुटून पडतात. बीमध्ये यकृत मुख्यतः या हल्ल्यानेच खराब होतं, विषाणू स्वतः फारसं करत नाही. अशा वेळी एसजीपीटी हजारावर गेलेलं मी मशीनवर पाहिलंय. सिरॉसिस (यकृत चट्टे पडून कडक होणं) असेल तर जिवावर बेततं. निवडक पेशंटची गोळी तज्ज्ञ थांबवतात, पण नंतर सतत रक्त तपासत राहून.

सीमुक्त:
मला हिपॅटायटिस सी होता. सोफोसबुविर-डॅक्लाटासविर ही औषधं १२ आठवडे घेतली, विषय संपला. सीचा विषाणू केंद्रकात दडत नाही, म्हणून पार जातो. तरी डॉक्टरांनी बजावलंय: अँटिबॉडी पॉझिटिव्ह राहील, पण ती संरक्षण देत नाही, परत लागण होऊ शकते. सुरू करण्याआधी माझं एचबीएसएजीही बघितलं होतं. सी गेला की दबलेला बी उसळू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१६ मध्ये तसा इशाराच दिलाय. आणि खर्चाचं म्हणाल तर २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी-सी दोन्हींची औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत.

मिरजकर:
भावाला हे सगळं वाचून दाखवलं. गप्प झाला, बघू. भावजयीचं काय करायचं?

लॅबवाली:
तिचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (बीपासून संरक्षण देणारी अँटिबॉडी आहे का, ते) करा. दोन्ही निगेटिव्ह आले तर लस: आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. पोरांचीही लसीची कार्डं बघा.