केबलच्या जुन्या 8 फुटी छत्रीवर 1420 मेगाहर्ट्झ: सिम्युलेशनमध्ये गेन कमी का येतोय?

गच्चीवरची छत्री:
नमस्कार मंडळी. बाबांचा केबलचा धंदा होता, तेव्हाची सी-बँडची, म्हणजे उपग्रहावरून चॅनेल पकडायची, जाळीची छत्री गच्चीवर अजून उभी आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, मी दिली नाही. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. विज्ञान दिनाला मुलांना खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला नेलं होतं. 45 मीटरच्या त्या छत्र्या बघून परत येताना एका मुलीनं विचारलं, "सर, तुमच्या छत्रीवर नाही का येणार असलं काही?" तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा 1420.4 मेगाहर्ट्झचा सिग्नल आमच्या गच्चीवरून पकडायचाच आहे.

काठाला दोरी ताणून मापं घेतली: व्यास 244 सेंमी, मध्यावर खोली 40. व्यासाच्या वर्गाला 16 पट खोलीनं भागलं की फोकस 93 सेंमीवर येतो, म्हणजे एफ बाय डी (फोकस भागिले व्यास) 0.38. तरंगलांबी 21.1 सेंमी. 55 टक्के कार्यक्षमता धरली तर गेन, म्हणजे एका दिशेचा सिग्नल छत्री किती वाढवून घेते ते, 28.6 डीबी यायला हवा.

फीड म्हणून, म्हणजे फोकसवर सिग्नल गोळा करायला, आतून 15 सेंमी व्यासाचा, 28 सेंमी लांब स्टीलचा डबा. बुडापासून पाव तरंगलांबीवर, 5.3 सेंमीवर, एन-कनेक्टरला डाख दिलेली 5 सेंमीची तांब्याची तार. ओपनईएमएस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये छत्री आणि डबा एकत्र टाकून रात्रभर चालवलं. रियलाइज्ड गेन (परत फिरलेली शक्ती वजा जाता हाती येणारा) जेमतेम 25, एस-11 (किती शक्ती परत फिरते त्याचं माप) उणे 3. सिम्युलेशनची ग्रिड बारीक केली तरी आकडा हलत नाही. छत्रीचा आकार चुकलाय का?

वेव्हगाइडकाका:
सर, छत्री निर्दोष आहे, घोळ डब्यात आहे. पाव तरंगलांबी घेतलीत ती मोकळ्या हवेतली. डब्याच्या आत लाट लांबते. 15 सेंमीच्या गोल नळीची कटऑफ तरंगलांबी, म्हणजे जिच्याहून लांब लाट नळीतून जाऊच शकत नाही ती, 1.706 गुणिले 15, म्हणजे 25.6 सेंमी. तुमची 21.1 तिच्या बरीच जवळ आहे, म्हणून आतली तरंगलांबी 37 सेंमीच्या पुढे जाते. तिचा पाव भाग 9.3 सेंमी. तार बुडापासून तेवढी लांब न्या. तारेची उंची मात्र आहे तीच राहू द्या, लागलीच तर एखादा मिलिमीटर छाटा.

एस-11 उणे 3 म्हणजे निम्मी शक्ती डब्यातूनच परत फिरते. तुमचे हरवलेले 3 डीबी तिथेच आहेत. पुढच्या वेळी आधी एकटा डबा चालवा, पाच मिनिटांत कळतं. छत्री नंतर जोडा. आणि फोकस डब्याच्या तोंडाशी, सेंटीमीटरभर आत येऊ द्या. बुडाशी धरून बसवणारे पुष्कळ पाहिलेत मी.

जाळीवाली:
काकांशी सहमत. पण सर, तुम्ही सिम्युलेशनमध्ये टाकलाय तो गुळगुळीत पॅराबोला. गच्चीवरची छत्री इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊन उभी आहे. एखादी पाकळी नक्की बसली असेल. पृष्ठभाग सरासरी 1 सेंमीनं चुकला तर 21 सेंमीला दीड डीबी जातो, अर्ध्या सेंमीला 0.4. हीच 1 सेंमीची चूक 5.8 गिगाहर्ट्झच्या वायफायला असती तर छत्री कामातून गेली असती. प्लायवूडचा पॅराबोला कापा, मध्यावर खिळीला अडकवून गोल फिरवा, कुठे फट दिसते ते मुलांना खडूनं मारायला सांगा. आमच्याकडे असंच केलं होतं.

गच्चीवरची छत्री:
काका, तुमचे पाय धरायला हवेत! तार 9.3 वर नेली, एस-11 उणे 16, रियलाइज्ड गेन 28.1. रात्री दीडला आकडा बघितला आणि बायकोला उठवून सांगितलं.

जाळीवाली ताई, तुमचा अंदाजही खरा निघाला. पूर्वेकडच्या दोन पाकळ्या काठाशी पावणेदोन सेंमी आत गेल्या होत्या. बोल्ट गंजलेले, रॉकेलमध्ये भिजवून सोडवले. पोरांच्या हातांना अजून वास येतोय. आता खरा डबा बसवल्यावर बीम, म्हणजे छत्रीला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, ठीक आहे हे कशावरून ओळखायचं?

वेव्हगाइडकाका:
सूर्यावरून. तुमचा बीम साधारण 6 अंशांचा आहे. सूर्य जिथे येणार त्याच्या थोडं पुढे छत्री रोखून घट्ट बांधा आणि हात लावू नका. आकाश तासाला 15 अंश सरकतं. सिग्नल चढून उतरेल. पार्श्वभूमी वजा करून निम्म्या उंचीवरची रुंदी मोजा. मार्च किंवा सप्टेंबरच्या आसपास ती 24 मिनिटांच्या जवळ यायला हवी. फारच जास्त आली तर डबा फोकसपासून सरकलाय. दोन-दोन सेंमी पुढेमागे करून बघा. आलेख इथे टाका, मी वाट बघतोय.