आयओएस की अँड्रॉइड: नक्कल कोणी केली ते सोडा, ‘मागे’ नेण्याचं काम कोणाचं ते बोला

आडवाट (धागाकर्ता):

आयफोनच्या आयओएस २६ चं ते काचेसारखं रूप आल्यापासून जुनाच वाद पुन्हा पेटलाय, कोणी कोणाचं उचललं. अँड्रॉइडवाले म्हणतात, होम स्क्रीनवर विजेट (ॲप न उघडता माहिती दाखवणारी चौकट) आमच्याकडे २००९ पासून, तुम्हाला २०२० उजाडलं. आयफोनवाले म्हणतात, २००७ चा आयफोन दिसेपर्यंत तुमचं अँड्रॉइड बटणांच्या कीबोर्डवाल्या फोनसाठीच घडत होतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीतून हाती काही लागत नाही.

दिसण्यात हे दोघे आता सख्खे भाऊ वाटावेत इतके जवळ आलेत. वरून ओढायचा नोटिफिकेशनचा पडदा अँड्रॉइडच्या पहिल्या फोनवर, म्हणजे २००८ मध्येच होता; आयफोनवर तो २०११ च्या आयओएस ५ मध्ये आला. त्याआधी एखादा मेसेज आला की स्क्रीनच्या मधोमध निळी चौकट उभी राहायची आणि ती बंद केल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. उलट दिशेनेही भरपूर आलं. पण एका बाबतीत दोघे अजून वेगळे आहेत आणि माझ्या मते खरा फरक तोच: ‘मागे’ जाणं.

अँड्रॉइडवर ‘मागे’ ही पहिल्यापासून फोनची जबाबदारी. ॲप कोणाचंही असो, कसंही बनवलेलं असो, मागे जायची खूण एकच. आयफोनवर ती जबाबदारी ॲपची. बहुतेक वेळा डावीकडे वरच्या कोपऱ्यात बाण असतो. कुठे ‘रद्द’, कुठे ‘झालं’, कुठे उजवीकडे फुली, कुठे स्क्रीन खाली ओढायची. पहिल्या आयफोनची स्क्रीन साडेतीन इंचांची होती, अंगठा त्या कोपऱ्यात सहज पोचायचा. २०१४ मध्ये आयफोन ६ प्लस साडेपाच इंचांवर गेला. तेव्हा ॲपलने काय केलं? होम बटणाला दोनदा हलकेच बोट लावलं की अख्खी स्क्रीनच खाली सरकेल, अशी सोय दिली. बटण अंगठ्याजवळ आणायचं सोडून स्क्रीन हलवली! मला यातला विचारच पटत नाही. माणसाने एक सवय शिकावी आणि ती सगळीकडे चालावी, हे फोनच्या इंटरफेसचं पहिलं कर्तव्य आहे. अँड्रॉइडने ते पाळलं, ॲपलने नाही. मतं मांडा.

स्वल्पविराम:

ठाम असहमत. खूण एक होती हे बरोबर, पण तिचा अर्थ एक कधीच नव्हता. तेच बटण कधी कीबोर्ड खाली करायचं, कधी आधीच्या स्क्रीनवर न्यायचं, कधी आधीच्या ॲपमध्ये, कधी थेट होम स्क्रीनवर. नोटिफिकेशनवर टिचकी मारून मेल उघडला आणि मग ‘मागे’ दाबलं, तर मेलची यादी येणार की आधी वाचत होतो तो लेख? दाबून बघितल्याशिवाय कळायचं नाही. बरं, हे फक्त माझं गाऱ्हाणं नाही. अँड्रॉइड ३ आणि ४ च्या काळात गूगलने ॲपच्या वरच्या कोपऱ्यात दुसरा बाण आणला, ‘वर जा’ असा, आणि ‘वर’ व ‘मागे’ यांत फरक काय हे डेव्हलपरांना आकृत्या काढून समजवावं लागलं. वापरणाऱ्याला कोण समजावणार? त्याच्यासमोर डावीकडे तोंड केलेले दोन बाण, एक वर आणि एक खाली.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. बोट सरकवताना मागे नेमकं काय आहे त्याची झलक दाखवायची सोय गूगलने अँड्रॉइड १३ पासून डेव्हलपरांच्या हाती द्यायला सुरुवात केली, २०२२ मध्ये. तोवर चौदा वर्षं लोक आंधळेपणानेच मागे जात होते. आयफोनवर त्या बाणाशेजारी आधीच्या स्क्रीनचं नाव लिहिलेलं असायचं. कुठे नेणार ते आधी सांगायचं, मग न्यायचं. माझ्या लेखी कर्तव्य हे आहे.

खटपट्या:

तुम्ही दोघेही जिंकलेल्यांबद्दलच बोलताय. आज दोन्हीकडे जे चांगलं आहे, त्यातलं बरंच हरलेल्यांचं आहे, आणि त्यांचं नाव निघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाम कंपनीच्या फोनची सिस्टिम, वेबओएस घ्या. २००९, पाम प्री. चालू असलेलं प्रत्येक ॲप म्हणजे खेळातल्यासारखा एक पत्ता. खालून बोट वर सरकवलं की सगळे पत्ते लहान होऊन शेजारी शेजारी मांडले जायचे, नको तो वर भिरकावला की बंद. आता त्याच सुमाराचा आयफोन आठवा. आयओएस ४ मध्ये होम बटण दोनदा दाबायचं, खाली आयकॉनची एक ओळ यायची, आयकॉन थरथरेपर्यंत बोट दाबून धरायचं आणि मग त्याच्या कोपऱ्यातल्या बारक्या लाल वजाच्या चिन्हावर टिचकी मारायची. हे २०१३ च्या आयओएस ७ पर्यंत चाललं, आणि मग आलं काय? पत्ते. वर भिरकावून बंद करायचे. अँड्रॉइडकडे तर कल्पनांसोबत माणूसही गेला. वेबओएसच्या इंटरफेसचे प्रमुख मातियास दुआर्ते २०१० मध्ये गूगलमध्ये गेले आणि अँड्रॉइड ३ व ४ ला रूप दिलं ते त्यांच्या हाताखाली. त्याच वर्षी एचपीने पाम विकत घेतली आणि ऑगस्ट २०११ मध्ये वेबओएसचे फोन-टॅबलेट बंद करून टाकले. आज ते नाव एलजीच्या टीव्हीवर उरलंय.

नोकिया एन९, २०११. समोरच्या बाजूला एकही बटण नाही. कडेवरून आत बोट सरकवलं की ॲपमधून बाहेर. काच किंचित फुगीर होती, त्यामुळे बोट कडेवरून आत आपसूक घसरायचं. हे आयफोन एक्सच्या सहा वर्षं आधी! पण फोन बाजारात येण्याआधीच, फेब्रुवारी २०११ मध्ये, नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनशी घरोबा जाहीर करून टाकला होता. आणि ज्या विंडोज फोनसाठी एन९ चा बळी गेला, त्याने २०१० मध्येच चामड्याचे पोत, चकचकीत बटणं सगळं फेकून नुसत्या अक्षरांवर इंटरफेस उभा केला होता. आयओएस ७ चा सपाटपणा त्यानंतर तीन वर्षांनी आला. २०१३ च्या ब्लॅकबेरी १० मध्येही होम बटण नव्हतं, खालून वर सरकवा की ॲप लहान.

तेव्हा ‘मागे’ वरून भांडा जरूर, पण पुढे नेलं कोणी तेही सांगा.

कळफलक:

खटपट्या, यादी चोख आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. कल्पना सुचणं आणि ती रोज हजारदा बोटाखालून जाईल इतकी घोटणं, यात दुसरं काम कितीतरी अवघड आहे.

आयफोन एक्सवर (२०१७) होम बटण गेलं तेव्हा काय झालं ते जवळून बघा. बोट खालून वर नेलं की ॲप बोटाला चिकटल्यासारखं लहान होत वर येतं. अर्ध्यात विचार बदलला, बोट खाली आणलं, ॲप परत मोठं होतं. बाजूला नेलं, शेजारचं ॲप येतं. जरा थांबलात, सगळी ॲप्स पसरतात. सोडून दिलंत, तर आपल्या आयकॉनमध्ये जाऊन बसतं. एकाच हालचालीला हे सगळे फाटे, आणि कोणत्या फाट्याला जायचं हे आधी ठरवावं लागत नाही. ॲपलच्या डिझायनरांनी २०१८ च्या डब्ल्यूडब्ल्यूडीसीमध्ये, म्हणजे ॲपलच्या डेव्हलपर परिषदेत, उलगडून सांगितलं होतं की बोट थांबलं हे ओळखायला ते वेळ मोजत बसत नाहीत, बोटाचा वेग किती झपाट्याने पडला ते बघतात. म्हणून तिथे वाट बघितल्यासारखं वाटत नाही. एन९ वर बोट सरकवून बाहेर पडता यायचं, पण हे सगळे फाटे एकाच हालचालीत गुंफलेले नव्हते.

आणि ही गुळगुळीत हालचाल म्हणजे वरवरची सजावट नव्हे. यादी संपली की ती रबरासारखी ताणून परत यायची, ते एवढं मोलाचं होतं की २०१२ च्या ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यातल्या पेटंटांत ते एक होतं. अँड्रॉइडला सेकंदाला ६० चित्रांचा वेग सगळीकडे सांभाळण्यासाठी ‘प्रोजेक्ट बटर’ नावाची वेगळी मोहीम काढावी लागली, तीही २०१२ च्या ४.१ मध्ये. तोवर यादी सरकवताना अडखळायची. बोट आणि स्क्रीन यांच्यात अंतर पडलं की विश्वास उडतो, मग ‘मागे’ कुठेही ठेवा.

आडवाट:

कळफलक, त्या हालचालीचं वर्णन अचूक केलंत, माझा त्याला विरोध नाही. पण ती घरी जायची हालचाल आहे, मागे जायची नव्हे. ॲपलने एवढी मेहनत घेतली ती ॲपमधून बाहेर पडण्यावर. ॲपच्या आतली वाट पुन्हा ॲपवरच सोडली. डाव्या कडेवरून सरकवून मागे जाणं आयओएस ७ पासून आहे, पण ॲपने ॲपलची ठरलेली मांडणी वापरली असेल तरच ते आपोआप मिळतं. मांडणी स्वतःची केली आणि तेवढं राहून गेलं, की संपलं.

गूगलने २०१९ मध्ये काय केलं ते बघा. अँड्रॉइड १० मध्ये खालच्या तीन बटणांच्या जागी बोट सरकवायच्या खुणा आणल्या आणि डावी-उजवी दोन्ही कडा ‘मागे’ला दिल्या. पण डाव्या कडेवरूनच तर बाजूचा मेनू बाहेर यायचा, आणि तो मेनू सगळ्यांना वापरायला लावला होता खुद्द गूगलने! तरी मेनूचा बळी दिला, ‘मागे’ ठेवलं. ॲपला आपली कड राखून हवी असेल तर मागता येते, पण एका बाजूला मिळून २०० डीपी (स्क्रीनवरचं माप) उंचीपुरतीच; त्यापुढे सिस्टिम ऐकत नाही. म्हणजे ॲपने हट्ट केला तरी ‘मागे’ची अख्खी कड बळकावता येत नाही. मी ज्या तत्त्वाबद्दल बोलतोय ते हेच, आणि ते पाळायला गूगलने स्वतःचं नुकसान सोसलं.

स्वल्पविराम, झलक उशिरा आली हे खरंच आहे. पण उशिरा आलेली झलक वेगवेगळ्या ॲपना एकसारखी देता आली, ती ‘मागे’ सिस्टिमच्या हातात होतं म्हणूनच.

वळणदार:

सगळे प्रतिसाद वाचले. तुम्ही सगळे ज्यांना येतं त्यांच्याबद्दल बोलताय.

माझ्या आईचे हात कापतात. तिच्या जुन्या फोनला खाली एक गोल बटण होतं. काहीही बिघडलं, नको ते उघडलं, की ती ते दाबायची आणि ओळखीच्या जागी यायची. नव्या फोनवर खालून वर सरकवलं तर होम, सरकवून थांबलं तर सगळ्या ॲपची रांग. कळफलक ज्याला ‘वाट बघावी लागत नाही’ म्हणतात, तेच तिच्यासाठी उलटं होतं. हात मध्येच अडखळतो, फोन समजतो ती थांबली, आणि समोर भलतंच उभं राहतं. स्क्रीनवर एक बारीक आडवी रेघ आहे, तिच्याकडे बघून कोणालाही कळणार नाही की इथून वर जायचं असतं.

अँड्रॉइडने निदान सेटिंगमध्ये जुनी तीन बटणं ठेवली आहेत. आयफोनवर तरंगतं बटण लावता येतं, पण ते कुठे दडलंय हे आधी कोणीतरी सांगावं लागतं.

दिसण्याबद्दलही ॲपलची एक सवय मला खटकते: आधी देखणेपणा, वाचता येणं मागाहून. आयओएस ७ मध्ये बटणांच्या कडा काढल्या, बटण कोणतं आणि नुसती अक्षरं कोणती ते कळेना. मग मार्च २०१४ च्या ७.१ मध्ये बटणांना आकार दाखवायची सोय सेटिंगमध्ये आली. आयओएस २६ मध्ये काचेमागचं चित्र अक्षरांत मिसळायला लागलं, मग २६.१ मध्ये काच कमी पारदर्शक करायचा पर्याय आला. दोन्ही वेळी वाचता येईल अशी आवृत्ती आधी सुचली नाही, तक्रारींनंतर सुचली, आणि तीही पर्याय म्हणून! ज्याला नीट दिसत नाही त्यानेच सेटिंगमध्ये जाऊन बारीक अक्षरांतून ती शोधायची. याचा मला राग येतो. कारण याच कंपनीने २००९ च्या आयफोन थ्रीजीएसमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर फोनमध्येच घालून दिलं होतं आणि अंध माणसांना गुळगुळीत काचेचा फोन वापरता येतो हे सिद्ध केलं होतं. त्यांना हे जमतं, म्हणून जास्त टोचतं.

खटपट्या:

वळणदार, हजारदा सहमत. विंडोज फोनवर अक्षरं मोठी आणि पार्श्वभूमी सपाट होती, तिथे हा प्रश्न आलाच नसता.

स्वल्पविराम:

वळणदार यांचा मुद्दा रास्त आहे आणि तो दोन्ही कंपन्यांना लागू आहे. गूगलची मटेरियल डिझाइन ही मांडणीची शैली घ्या. ते २०१४ मध्ये आलं तेव्हा कागद आणि सावल्यांवर बेतलेलं होतं, वर काय आणि खाली काय ते डोळ्याला कळायचं. पुढे गूगलनेही सावल्या पुसट करत नेल्या आणि २०२१ पासून वॉलपेपरच्या रंगांवर भर दिला.

आडवाट, ‘मागे’बद्दल. आयओएस २६ मध्ये कडेवरूनच सरकवायची अट गेली, स्क्रीनच्या मधूनही सरकवून मागे जाता येतं. अंगठा कोपऱ्यात पोचत नाही ही तक्रार त्याबरोबर मिटली. आणि ॲपच्या आत मागे जाणं व आधीच्या ॲपमध्ये जाणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आयफोनवर त्यांच्या दोन वेगळ्या खुणा आहेत: पहिल्यासाठी स्क्रीनवर सरकवा, दुसऱ्यासाठी खालच्या रेघेवर. अँड्रॉइड दोन्ही एकाच खुणेत कोंबतं, म्हणून तर झलक दाखवायची वेळ आली.

आडवाट:

मधून सरकवायची सोय चांगलीच आहे, पण तीही ठरलेली मांडणी वापरणाऱ्या ॲपपुरती. शिवाय ज्या स्क्रीनवर नकाशा आहे किंवा आडवी सरकणारी चित्रं आहेत, तिथे बोट आधी त्यांच्या वाट्याला जातं.

दोन प्रश्न, दोन खुणा, हे डिझायनरच्या डोक्यात स्वच्छ आहे. पण एक साधा प्रसंग घ्या. मेलमधली लिंक दाबली, पान ब्राउझरमध्ये उघडलं, वाचून झालं, आता मेलकडे जायचंय. त्या माणसाला इतकंच माहीत आहे की मी तिथून इथे आलो. मधे ॲप बदललं हे त्याच्या लक्षात असेलच असं नाही. काही ॲप लिंक स्वतःच्याच आत उघडतात, काही ब्राउझरकडे पाठवतात, आणि बाहेरून दोन्ही जवळपास सारखंच दिसतं. तो सवयीने स्क्रीनवर सरकवतो, तर ब्राउझरच्या त्या टॅबला आधीचं पानच नसतं, काहीच होत नाही. ॲपलला हे दिसलं म्हणूनच २०१५ च्या आयओएस ९ मध्ये अगदी वरच्या पट्टीत, घड्याळापाशी, आधीच्या ॲपचं नाव बारीक अक्षरांत आलं. दोन खुणा पुरेशा असत्या तर ही तिसरी कशाला लागली? आणि नेमकी तिथे, जिथे अंगठा सगळ्यात कष्टाने पोचतो?